पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायची, पण भाग आणायचे कुठून?

मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी. टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांवर बांधलेले. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही काळी-पिवळी शहराच्या रस्त्यावरून कायद्यानेच उतरली. त्या आठवड्यात हळहळ भरपूर छापून आली. ज्यांच्या दारात खासगी पद्मिनी किंवा तिच्या आधीची ‘डुक्कर फियाट’ उभी आहे, त्यांना मात्र वेगळीच काळजी लागली. टॅक्सी धावत होत्या तोवर क्लच प्लेट, किंगपिन, व्हील सिलिंडरचे किट, कार्ब्युरेटरचे जेट असल्या गोष्टी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत. गिऱ्हाईक रोजचे होते, म्हणून दुकानदार माल भरत होता. टॅक्सी गेल्या, गिऱ्हाईक गेले, आणि फळीवरचा माल संपला की पुन्हा मागवण्याचे कारणही संपले.

जुनी गाडी घरच्या घरी पुन्हा उभी करण्याची हौस महाराष्ट्रात चांगलीच वाढली आहे. पान्यांचे संच सहज मिळतात, इंजिन कसे उतरवायचे ते मोबाइलवर दिसते, हौसेला मोल नसतेच. घोडे अडते ते सुट्या भागांपाशी. कोणती गाडी घ्यावी, घरी काय करावे, बाहेर काय द्यावे, मूळपणा किती सांभाळावा, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे भागांच्या उपलब्धतेवर ठरतात. म्हणून हा आढावा त्याच बाजूने.

गाडी आणि तिचे गणगोत

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे इटलीच्या फियाटच्या गाड्या होऊ लागल्या. गोल पाठीची, पुढची दारे उलटी उघडणारी ११०० ही आपली डुक्कर फियाट. १९६४ मध्ये ११००-डी आली. सत्तरच्या दशकात तीच आधी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. नाव बदलले तरी आतला जीव तोच राहिला: ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक, चार सिलिंडर, १०८९ सीसी. एकच इंजिन इतकी वर्षे चालले याचा फायदा आज मिळतो. ११००-डीचा पिस्टन शोधणाऱ्याला पद्मिनीच्या मालावर बऱ्याचदा काम भागवता येते. पत्र्याचे आणि काचांचे तसे नाही. डुक्कर फियाटचे मडगार्ड पद्मिनीवरून निघत नाही, आणि तिची मागची काच फुटली तर मालकाच्या तोंडचे पाणी पळते.

अँबॅसेडरची गोष्ट थोडी बरी. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ती मे २०१४ पर्यंत बाहेर पडत होती. म्हणजे पद्मिनीपेक्षा दहाहून अधिक वर्षांनी तिचा माल ताजा. शिवाय तिचे जुने १४८९ सीसी इंजिन ब्रिटनच्या बीएमसी ‘बी’ मालिकेतले. त्याच घराण्याचे इंजिन मॉरिस ऑक्सफर्डमध्ये आणि एमजीएमध्येही होते. एमजीच्या हौशी लोकांमुळे ब्रिटनमध्ये त्या इंजिनाचे गॅस्केट, बेअरिंग, व्हॉल्व्ह आजही नवे बनतात. तेव्हा कलकत्त्याच्या मल्लिक बाजारात न मिळालेली वस्तू बर्मिंगहॅमकडून येऊ शकते, फक्त टपाल, सीमाशुल्क आणि जीएसटी धरून तिचा भाव काय होतो ते आधी मांडून पाहावे.

जीपवाल्यांचे तर फारच बरे चालले आहे. महिंद्राने विलिसच्या परवान्यावर बनवलेल्या जीपचा सांगाडा वेगळा आणि बॉडी वेगळी. त्यामुळे कुजलेला पत्रा उतरवून नवा चढवता येतो. हरियाणातल्या डबवालीत जीपच्या बॉडी घडवण्याचा धंदाच उभा आहे. याच्या उलट फियाट आणि अँबॅसेडर या मोनोकॉक. म्हणजे पत्रा हाच सांगाडा. तो कुजला की सगळाच हिशेब बिघडतो.

मद्रासमध्ये बनलेल्या स्टँडर्ड हेरल्डचे यंत्रभाग ब्रिटनमधल्या ट्रायम्फ हेरल्डवाल्यांकडे मिळतात, पण चार दारांची हेरल्ड भारतातच झाली. तिच्या मागच्या दाराचा पत्रा लंडनमध्ये मिळणार कुठून? प्रीमियर ११८ एनईला बॉडी फियाटची आणि इंजिन निसानचे, त्यामुळे भाग शोधायला दोन दारे ठोठवावी लागतात. १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० यंत्राच्या बाबतीत सगळ्यांत सोपी. पण पहिल्या घाटाच्या गाडीचा बंपर, ग्रिल, डॅशबोर्ड शोधणे आता तितकेच अवघड झाले आहे.

यातून एक ठोकताळा निघतो. यंत्रभाग जगात कुठे ना कुठे मिळतात, कारण इंजिने देशोदेशी फिरली. पत्रा, काच, दिवे, क्रोमच्या पट्ट्या आणि आतले प्लॅस्टिक हे त्या त्या मॉडेलचे आणि त्या त्या वर्षाचे असते, तेच आधी नाहीसे होते. इंजिन बंद पण अंगाने पूर्ण असलेली गाडी आणि इंजिन चालू पण दिवे-पट्ट्या-काचा गायब असलेली गाडी, यांत नवखे लोक दुसरी घेतात. घ्यायला हवी ती पहिली.

माल कुठे आहे

सुटे भाग मिळण्याच्या वाटा ढोबळमानाने चार. पहिली, दुकानात पडून राहिलेला जुना कंपनी-पॅक माल. मुंबईत ऑपेरा हाउसचा भाग, पुण्यात नाना पेठ, दिल्लीत कश्मीरी गेट, बेंगळुरूत जे. सी. रोड ही ठिकाणे यासाठी माहीत असावीत. इथे फोनवर काम होत नाही. दुकानदाराला स्वतःलाच माळ्यावर काय आहे ते आठवत नसते. जुना भाग हातात घेऊन जावे, शक्य तर त्याच्यावरचा पार्ट नंबर लिहून न्यावा. कंपनीचे जुने पार्ट्स कॅटलॉग रद्दीत मिळाले तर सोन्याच्या भावाने घ्यावेत. ‘पुढच्या चाकाचे ते गोल असते ना’ एवढ्यावर माळा कोणी उपसत नाही.

या मालाबाबत एक सावधगिरी. जुन्या डब्यातला धातूचा भाग सहसा उत्तम असतो, अनेकदा आजच्या मालापेक्षा सरस. रबराचे तसे नाही. तीस वर्षांपूर्वीचे ब्रेकचे वॉशर डबाबंद असले तरी आतल्या आत कडक होते. नख रोवले तर खूण तशीच राहते, वाकवले तर बारीक भेगा दिसतात. अशा वॉशरचे किट मास्टर सिलिंडरमध्ये बसते, दोन दिवस दाब धरते आणि घाटात दगा देते. ब्रेक, पेट्रोल आणि पाणी यांच्या वाटेत येणारे रबर नवेच हवे, मग डब्यावर कितीही नामांकित छाप असो.

दुसरी वाट भंगाराची. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार, दिल्लीचे मायापुरी, चेन्नईचे पुदुपेट. टॅक्सी मोडीत निघत होत्या तेव्हा कुर्ल्यात पद्मिनीची दारे आणि बॉनेट रचून ठेवलेली असत. मुंबईत टॅक्सीची वयोमर्यादा २००८ मध्ये पंचवीस वर्षे झाली, २०१३ मध्ये वीसवर आली. त्या काळात भंगाराचा पूर आला होता, आता ओसरला. भंगारातून घेण्याजोगे ते अंगाचे भाग: दार, डिकीचे झाकण, काच, बिजागऱ्या, मीटर. ब्रेकचे आणि स्टिअरिंगचे भाग भंगारातून आणून जसेच्या तसे बसवणे हा जिवाशी खेळ आहे.

भंगारात चोरीचा माल मिसळलेला असतो, हेही डोळ्यांआड करून चालणार नाही. मेरठच्या सोतीगंज बाजारावर पोलिसांनी कारवाई केली आणि २०२१ च्या अखेरीस तो बंद पडला, ते याच कारणाने. नंबर खोडलेले इंजिन स्वस्तात मिळाले म्हणून कोणी घरी आणले, तर पुढे गाडीही गेली आणि पैसाही गेला असे होऊ शकते. इंजिन किंवा गिअरबॉक्स घेताना पावती घ्यावी आणि मूळ गाडीचे कागद पाहावेत.

तिसरी वाट नव्या ‘लोकल’ मालाची. गॅस्केट, क्लच प्लेट, वॉटर पंप, रबर बीडिंग असे भाग छोटे कारखाने अजून काढतात. दर्जा लॉटरीसारखा. पत्र्याचे लोकल भाग मूळ भागापेक्षा पातळ असतात, कडा जुळत नाहीत, आणि ते जुळवण्यात डेंटरची मजुरी भागाच्या किमतीपेक्षा जास्त जाते. म्हणून मूळ पत्रा निम्माअधिक शाबूत असेल तर तोच दुरुस्त करून घेणे परवडते.

चौथी वाट परदेशाची. फियाट ११०० इटलीत लोकांच्या आठवणीतली गाडी आहे आणि तिचे काही भाग तिथे नव्याने बनतात. पण इथली गाडी पुढे तीस-पस्तीस वर्षे वेगळ्या वाटेने गेली. तिची विजेची सामग्री, कार्ब्युरेटर, दिवे भारतीय पुरवठादारांचे झाले. त्यामुळे इटलीहून मागवण्याआधी आपल्या भागाची मापे कॅलिपरने घेऊन पाठवावीत. चित्र सारखे दिसते म्हणून भाग बसतोच असे नाही.

मिळत नाही ते घडवायचे

या चारही वाटा खुंटल्या की पाचवी उरते, आणि आपल्याकडे तीच सगळ्यांत भरवशाची आहे. लेथ, शेपर, मिलिंग आणि ओतीव काम करणारी छोटी खाती महाराष्ट्रात गावोगाव आहेत. कोल्हापूरचे उद्यमनगर आणि तिथल्या फाउंड्र्या हे ठळक उदाहरण. शेतीच्या इंजिनांचे भाग पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या माणसाला वॉटर पंपाचा इंपेलर किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नवा वाटत नाही.

पद्मिनीच्या गिअरचे उदाहरण घ्या. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत सांधेजोड आणि त्यात बुश. बुश झिजले की गिअर हातात ढिला लागतो, दुसरा टाकावा तर भलतीकडेच जातो. अनेक जण गिअरबॉक्स उघडायला निघतात. प्रत्यक्षात काम बुशचे असते, आणि ते पितळेचे किंवा नायलॉनचे कातून मिळते. मात्र इथे हमखास चूक होते: झिजलेला बुश टर्नरच्या हातात देऊन ‘असाच करून दे’ म्हटले जाते. तो प्रामाणिकपणे तसाच करतो, झिजेसकट. माप घ्यायचे ते बुश जिथे बसतो त्या घराचे आणि त्यातून जाणाऱ्या पिनेचे. पिनही घासून अंडाकृती झाली असेल तर ती आधी नवी करायची, मग तिला हवा तेवढाच वाव ठेवून बुश कातायचा. नमुना फक्त आकार कळावा म्हणून. किंगपिन असो की क्लचच्या फोर्कचा बुश, हाच नियम.

दिव्यांच्या काचांसाठी आता सिलिकॉनचा साचा काढून रेझिन ओततात. प्लॅस्टिकच्या छोट्या मुठी, बटणे, क्लिपा थ्रीडी प्रिंटरवर निघतात. उन्हात तापणाऱ्या डॅशबोर्डवर साधे प्लॅस्टिक वाकडे होते, तेव्हा उष्णता सोसणारे मटेरिअल मागावे. दारांच्या रबर बीडिंगसाठी डाय बनवावी लागते आणि कारखानदार थोडक्या फुटांसाठी ती करत नाही. अशा वेळी त्या मॉडेलच्या मालकांनी एकत्र येऊन ऑर्डर देणे हाच उपाय. क्लबचा खरा उपयोग रॅलीच्या फोटोंपेक्षा इथे आहे.

घरी काय, बाहेर काय

सुरुवात पत्र्यापासून, इंजिनापासून नव्हे. गाडी घेण्याआधी एक छोटे लोहचुंबक आणि बोथट स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. चुंबक कापडात गुंडाळून दारांच्या खालच्या कडेवरून, चाकांच्या कमानींवरून, रनिंग बोर्डावरून फिरवावे. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे. मग गाडीखाली जाऊन जॅक लावायची जागा, फ्लोअरचे कोपरे, डिकीत स्टेपनी बसते तो खड्डा आणि पुढचे सस्पेन्शन जिथे बॉडीला धरते तो भाग स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहावा. तो आत गेला तर किंमत त्या मानाने पाडावी. सस्पेन्शनच्या जोडापाशी गेला तर नमस्कार करून परत यावे. कोकणातल्या आणि मुंबईतल्या गाड्या खाऱ्या हवेने आतून कुजतात. देशावरची उन्हात रंग उडालेली गाडी दिसायला वाईट, पण पत्र्याने बरी निघते.

घरी निर्धास्त करता येण्याजोगी कामे पुष्कळ आहेत: गाडी खोलणे, प्रत्येक नट-बोल्ट नावानिशी पिशवीत भरणे, उलगडण्याआधी फोटो काढणे, कार्ब्युरेटर साफ करणे, पॉइंट आणि कंडेन्सर बदलणे, वायरिंग नवे ओढणे, सीट आणि आतले कापड उतरवणे-चढवणे. वायरिंगआधी एक गोष्ट बघावी. ब्रिटिश घराण्यातल्या काही जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. आजच्या सवयीने बॅटरी उलटी लावली की डायनॅमो आणि रेडिओ दोन्हींचा बळी जातो.

बाहेर द्यायचीच ती कामे: ब्लॉक बोअर करणे, क्रँक ग्राइंड करणे, व्हॉल्व्ह सीट बसवणे, हेडला फेस मारणे, वेल्डिंग, क्रोम आणि अंतिम रंग. पद्मिनीचे हेड ॲल्युमिनियमचे. गाडी एकदा तापली असेल तर ते वाकलेले असण्याची शक्यता मोठी, म्हणून नवे गॅस्केट टाकण्याआधी फेस तपासून घ्यावा. अँबॅसेडरच्या जुन्या इंजिनाचे हेड ओतीव लोखंडाचे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि शिशाने मिळणारे व्हॉल्व्ह सीटचे संरक्षण गेले. हेड उतरलेच आहे तर कडक धातूच्या सीट बसवून घेणे शहाणपणाचे.

जिवाच्या दृष्टीने दोन नियम. जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय शिरायचे नाही. आणि जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, तेव्हा ड्रममधली धूळ हवेच्या नळीने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसून पिशवीत बांधून टाकायची.

कागद

कागद नसलेली गाडी म्हणजे नुसता पांढरा हत्ती. आरसी बुकावरचा चॅसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहावा. मालक हयात नसेल तर वारसाहक्काची कागदपत्रे विक्रेत्याकडून आधी करून घ्यावीत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी पासिंग. मोटारीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेली, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना २०२५ मध्ये ती आणखी वाढली. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर पर्यावरण कर वेगळा.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्राने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीची वेगळी सोय केली. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरण पाच हजार. आधी नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. अट अशी की ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर निघेल. १९७४ च्या पद्मिनी आता या वयाला पोहोचल्या आहेत. रोज भाजी आणायला गाडी न्यायची असेल तर ही नोंदणी उपयोगाची नाही.

याच नियमात सुट्या भागांचा प्रश्न पुन्हा येतो. व्हिंटेज दर्जासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते, आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. पूर्वी डिझेल स्वस्त होते म्हणून कितीतरी अँबॅसेडर आणि जीपमध्ये भलतीच डिझेल इंजिने बसवली गेली. अशी गाडी हौसेने घेणाऱ्याने मूळ पेट्रोल इंजिन शोधण्याचा आणि आरटीओत बदल नोंदवण्याचा खर्च आधीच धरावा. व्हिंटेज नसलेल्या गाडीतही इंजिन बदलायचे तर परवानगी लागते.

मूळपणा किती?

हौशी लोकांत यावर खडाजंगी होते. एक पक्ष म्हणतो, कारखान्यातून निघाली तशीच गाडी हवी. दुसरा म्हणतो, गाडी चालायला हवी, मग अल्टरनेटर लावा, हॅलोजन लावा, पुढे डिस्क ब्रेक लावा. मला यातला व्यवहारी मध्य पटतो: परत काढता येईल असा बदल करावा, कापून-जोडून होणारा करू नये. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवला आणि मूळ डायनॅमो तेलाचा हात फिरवून जपून ठेवला, तर पुढच्या मालकाचे काही बिघडत नाही. डॅशबोर्ड कापून स्टिरिओ बसवला तर तो डॅशबोर्ड पुन्हा मिळत नाही.

काही बदलांना मात्र पर्याय नाही. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या रबराला मानवत नाही. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आतून गंजते, पंपाचा डायफ्रॅम फुगतो, पाइप चिकट होतात. म्हणून पेट्रोलचे सगळे पाइप आणि डायफ्रॅम इथेनॉल सोसणारे घ्यावेत आणि गाडी निदान पंधरवड्यातून एकदा चालवावी. पाइप कोणत्या कंपनीचा, यावरून मूळपणाचा वाद घालू नये. आग लागल्यावर मूळपणा उरत नाही.

हिशेबाअंती

घरी जुनी गाडी उभी करता येते का? येते, आणि पद्मिनी तर नक्कीच येते. तिची यंत्ररचना साधी, इंजिनाभोवती हात घालायला जागा, आणि तिला ओळखणारे मिस्त्री अजून कामात आहेत. पण हा शेवटचा मुद्दा घड्याळाशी बांधलेला आहे. फळीवरचा माल संपतो आहे, भंगाराचा पूर ओसरला आहे, आणि कार्ब्युरेटर कानाने लावणारे मिस्त्री साठीच्या पुढे गेले आहेत. म्हणून हौस असणाऱ्यांनी क्रम असा ठेवावा: आधी कागद, मग पत्रा, मग अंगाचे सगळे भाग पूर्ण आहेत ना ते, आणि इंजिन सर्वांत शेवटी. आवडली म्हणून गाडी घेऊन नंतर भाग शोधत फिरण्यापेक्षा, ज्या गाडीचे भाग मिळतात किंवा घडवता येतात तीच घ्यावी.

आणि एक विनंती. कोणताही भाग घडवून घेतला तर त्याची मापे, धातू आणि साचा जपून ठेवा आणि ती माहिती दुसऱ्या मालकांना द्या. कंपनीचा कॅटलॉग आता नवा छापला जाणार नाही, तो आपल्यालाच भर घालत पुढे न्यावा लागेल.